डाव्या हाताची मूठ

आमचे हे दातांनी चाकू उघडायला गेले, तेव्हा मी पडवीत ब्लाउजला हुक लावत बसले होते. आवाज काही झाला नाही. मान वर केली तर यांच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि डाव्या हातात चाकू अर्धवट उघडलेला होता. खालचा ओठ कापला होता. जखम लहानच होती, पण हे रक्त पातळ करायची गोळी घेतात, त्यामुळे रक्त थांबेना. हातातलं अस्तराचं कापड मी तसंच ओठावर दाबून धरलं. बराच वेळ दोघंही तसेच बसून राहिलो. बोलायची सोय नव्हती, ओठ माझ्या हाताखाली होता.

रक्त थांबल्यावर मी चाकू मिटला, पुसला आणि शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांच्या खाली टाकला. खणाला कुलूप लावलं. हे बघत होते.

राहुरीच्या थोडं पुढे, कालव्याच्या पाण्यावर आमची मोसंबीची रोपवाटिका आहे. हे तरुणपणी फळबागेत रोजंदारीवर जायचे, तिथंच डोळे बांधायला शिकले आणि नंतर स्वतःची रोपं करायला लागले. डोळा बांधणं म्हणजे चांगल्या मोसंबीच्या काडीवरचा एक कोंब सालीसकट काढायचा आणि जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटाच्या सालीत बसवायचा. खुंटाच्या सालीवर एक आडवा काप, एक उभा काप. साल दोन्हीकडे अलगद उचलायची, कोंब आत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. ऐकायला सोपं आहे. काप खोल गेला तर खुंट जातो, उथळ गेला तर साल सुटत नाही. यांचा हात त्यात इतका बसलेला होता की हे गिऱ्हाइकाशी भावाचं बोलत बोलत डोळे बांधायचे.

मी केडगावची. माझ्या माहेरी शेती नव्हती, शिवणकाम होतं. लग्नानंतरही मी मशीन चालूच ठेवलं. रोपवाटिकेत माझं काम पिशव्या भरणं आणि पाणी देणं एवढंच. चाकूला मी कधी हात लावला नव्हता.

तो चाकू घडीचा होता. पातं लहान, पोलादी. घासून घासून त्याची रुंदी निम्म्यावर आलेली. मुठीला दोन्ही बाजूंनी तांबडं प्लॅस्टिक होतं. ज्या सकाळी यांना अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी हे हौदापाशी खुंट बघत होते. आधी चाकू हातातून सुटला आणि हौदाच्या सिमेंटवर आपटला. चाकू उचलायला वाकले ते खालीच बसले. मी धावत गेले तेव्हा हे मला काहीतरी सांगत होते, पण शब्द एकमेकांत गेले होते. नगरच्या दवाखान्यात नेलं. पाय हळूहळू सुधारला, काठीवर चालायला लागले. बोलणंही आलं, पण एकेका शब्दाचं. उजवा हात मात्र आला नाही. मांडीवर ठेवला तर तिथंच राहायचा.

मुठीची एक बाजू त्या दिवशी फुटून निम्मी उडाली होती. दुसरी हलत होती. तसा तो चाकू हे सदऱ्याच्या खिशात ठेवून फिरायचे. मला वाटायचं, सवय आहे, राहू दे. ओठ कापला तेव्हा कळलं की हे रोज तो उघडायचा प्रयत्न करत असणार.

रात्री पुण्याला लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तो चाकू विहिरीत टाक. अप्पांच्या हातात धार द्यायची नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरलीस का?"

"विसरले नाही."

"मग?"

"मग काही नाही. खणात ठेवलाय."

पुढच्या आठवड्यात तिनंच कुरियरनं एक नवा चाकू पाठवला, बोटानं ढकलून उघडणारा, उघडल्यावर पातं पक्कं अडकून राहणारा. तिचा विचार असा की द्यायचाच असेल तर निदान धोक्याचा नको. यांनी तो डाव्या हातानं उघडला, लिंबाची एक काडी कापून बघितली आणि माझ्याकडे परत दिला.

"मऊ हाय," म्हणाले. पोलादाबद्दल बोलत होते. मग मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "माझा."

"तो मिळणार नाही."

हे उठून बाहेर गेले.

हिवाळा लागला होता आणि काड्या तयार होत्या. डोळे बांधायला दरवर्षी एक गडी यायचा. तो यंदा दुसऱ्या मोठ्या रोपवाटिकेत कामाला लागला. आमच्याकडे कामाला येणारी एक बाई होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिला पट्टी छान बांधता यायची, पण काप द्यायला तिचा हात धजत नव्हता. तरी आता तीच काप द्यायची आणि हे शेजारी खाटेवर बसून बघायचे. काप खोल गेला की यांचा चेहरा असा व्हायचा जसा आपला अंगठा दारात सापडल्यावर होतो. मधूनच उठायचे, खुंटाच्या सालीवर डाव्या अंगठ्याचं नख दाबून बघायचे.

"सुटली," म्हणायचे. म्हणजे साल सुटायला लागली आहे, डोळे बांधायचे दिवस हेच आहेत.

असे चार-पाच दिवस गेले. मग एका दुपारी मी खण उघडला, चाकू काढला आणि यांच्यासमोर ठेवला.

"दात लावायचे नाहीत," मी म्हणाले.

यांनी मान हलवली.

"आणि ही मूठ अशी चालायची नाही. फुटलेली आहे, हातातून निसटेल. मी नवी करून घेते."

"डावी," म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग यांनी चाकू डाव्या हातात धरून दाखवला. जुनी मूठ उजव्या हातात वर्षानुवर्षं झिजली होती. अंगठ्याची जागा उजवीकडे खोल गेलेली, करंगळीखाली खाच पडलेली. डाव्या हातात ती जिथं नको तिथं टोचायची. नुसती फुटकी बाजू बदलून भागणार नव्हतं.

आमची एक जुनी मोसंबी होती, तिच्यावरून यांनी हजारो डोळे काढले. ती वाळल्यावर मी तिचं खोड सरपणात जाऊ दिलं नव्हतं. ते मी ओढत आणलं. म्हटलं, मूठ हिचीच करू. यांनी खोडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तडकंल," म्हणाले. "बाभूळ."

ते खोड मग त्याच आठवड्यात पाणी तापवायला गेलं.

राहुरीत बाजाराच्या मागच्या गल्लीत एक सुतार आहेत. आमच्या घराची दारं त्यांनीच केली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी चाकू घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो उलटासुलटा केला, पातं उघडमिट करून बघितलं.

"पातं चांगलं आहे. मूठ होईल, भाभी. पण माझ्याकडं लग्नसराईचे पलंग लागलेत. महिना जाईल."

"महिन्यानं उपयोग नाही, चाचा. डोळ्यांचा हंगाम जाईल."

"आणि डाव्या हाताला पाहिजे म्हणता. मग त्यांचा हात बघावा लागेल. घेऊन या त्यांना."

हे येणार नाहीत हे मला माहीत होतं. झटका आल्यापासून हे बाजारात गेले नव्हते. ओळखीचं माणूस भेटलं की बोलावं लागतं आणि बोलताना तोंड वाकडं होतं, ते यांना नको असायचं. मी चाचांना तसं सांगितलं. ते थोडा वेळ रंधा मारत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही मशीनवर बसता ना? कापड बेतता. मग लाकूड बेतायला काय अडतं?"

"लाकूड उसवता येत नाही," मी म्हणाले.

ते हसले. वाळलेल्या बाभळीची एक फळी त्यांनी बारीक चिरून दिली. पितळी तारेचा तुकडा, हातानं फिरवायचं ड्रिल आणि चिकटवलेलं आवळून धरायला एक छोटा शिकंजा दिला. शिकंजा आणि ड्रिल परत आणून द्यायचं होतं. जुनी मूठ कशी काढायची तेही सांगितलं. तारेच्या खिळ्यांची डोकी कानशीनं सपाट करायची आणि मग बारीक खिळ्यानं मागून ठोकायचं. पातं ज्या खिळ्यावर फिरतं तो मुठीच्या तोंडाशी लोखंडी टोपीत असतो, त्याला हात लावायचा नाही.

जुन्या बाजू तासाभरात निघाल्या. खाली दोन पितळी पत्रे होते आणि त्यांच्यामध्ये पातं अन् त्याला ताण देणारी लोखंडी पट्टी. पत्र्यांवर हिरवा मळ बसला होता. चिंच लावून घासल्यावर ते उजळले. प्लॅस्टिकशिवाय चाकू फार किरकोळ दिसत होता. हे शेजारी बसून बघत होते आणि मी हातोडी उचलली की पुढे वाकत होते.

आता हाताचं माप घ्यायचं होतं. शिवणात मी दंडाचं, मनगटाचं माप घेते, पण मुठीच्या आतलं माप टेपनं कसं घ्यायचं? संध्याकाळी भाकरी नव्हती, चपात्या करायच्या होत्या. कणीक मळताना सुचलं. घट्ट कणकेचा लांबट गोळा केला, त्यात तो मोकळा चाकू मिटलेलाच खुपसला आणि यांच्या डाव्या हातात दिला.

"काय?" म्हणाले.

"काप द्यायला धरता तसा धरा. दाबा."

यांनी धरला. मनात खुंट आणला असणार, कारण मनगट आपोआप वळलं. सोडल्यावर कणकेवर चारही बोटं उमटली होती आणि वरच्या अंगाला अंगठ्याचा खळगा. तो खळगा जुन्या मुठीच्या अगदी उलट बाजूला होता. मी त्यावरून कागदाचे फर्मे कापून घेतले, एक वरून, एक बाजूनं. गोळा नंतर उन्हात ठेवला, पण त्याला मुंग्या लागल्या. सकाळी कोंबड्यांना टाकला.

बाभूळ कापणं सोपं नाही. हॅक्सॉ चालवून माझ्या तळव्याला फोड आले. दोन तुकडे कापले, घासले, बाहेरच्या अंगाला गोलाई दिली, अंगठ्याचा खळगा कोरला. दोन दिवस मी शिवणाला हात लावला नाही. एका बाईच्या साखरपुड्याचा ब्लाउज तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजू पत्र्यांवर लावून बघितल्या, तर दुसरी बसेना. फिरवून बघितली, उलटी करून बघितली. मग लक्षात आलं. दोन्ही बाजू मी एकाच अंगाच्या केल्या होत्या. सपाट बाजू आत घेतली की खळगा मागे जात होता.

यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. यांनी माझ्या हातातले दोन्ही तुकडे घेतले, शेजारी शेजारी मांडीवर ठेवले आणि बघत राहिले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं काहीतरी होतंय, मी उठलेच. हे हसत होते. आवाज आधीसारखा नव्हता, घशात अडकून अडकून येत होता.

"बाह्या," म्हणाले. "अशाच लावती?"

"आजवर एकदाही नाही," मी म्हणाले. मला राग आला होता. थोड्या वेळानं मलाही हसू आलं.

दुसरी बाजू पुन्हा कापली. या वेळी दोन्ही तुकड्यांच्या आतल्या अंगावर खडूनं फुली मारून ठेवली, जशी कापडाच्या उलट्या बाजूवर मारतो. आणखी एक प्रश्न होता, उघडण्याचा. पात्याच्या पाठीजवळ नखानं ओढायची बारीक खाच असते. एका हातानं मूठ धरायची आणि दुसऱ्या हाताच्या नखानं पातं ओढायचं. यांना दुसरा हात नव्हता. मी म्हणाले, उघडून मी देत जाईन. यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग उठून गेले आणि जुन्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी घेऊन आले. खुंटांजवळ जी काम करायची फळी आहे तिच्या काठाला ती ठोकायची होती. मी ठोकून दिली. यांचा बेत असा होता की पात्याची खाच त्या पत्र्याच्या कडेला अडकवायची आणि मूठ मागे ओढायची. पण मुठीची कड उंच होती, खाच पत्र्यापर्यंत पोचेना. मग मी त्या जागी लाकडाला अर्धचंद्रासारखा काप घेतला. खालचा पितळी पत्राही कानशीनं थोडा उतरवला. चौथ्या-पाचव्या खेपेला खाच अडकली आणि पातं उघडलं. मिटायला पात्याची पाठ फळीवर दाबली की झालं.

यांनी चाकू सारखा उघडमिट केला. मी जेवायला हाक मारली तरी चालूच होतं.

शेवटचं काम बसवण्याचं. पातं फिरतं तिथं आधी तेलाचा थेंब सोडला, म्हणजे गोंद आत जाऊन चिकटणार नाही. दोन ट्यूबमधला गोंद कालवून पत्र्यांना लावला, बाजू बसवल्या, शिकंज्यात आवळल्या. दुसऱ्या दिवशी भोकं पाडून पितळी तारेचे तुकडे घातले आणि त्यांची डोकी हलक्या हातानं ठोकून पसरवली. शेवटच्या खिळ्याला मी जरा जोरात ठोकलं आणि लाकडाला केसाएवढी चीर गेली. यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले.

पॉलिश पेपरनं घासून वरून करडईचं तेल चोळलं. घरात तेच होतं. बाभूळ गडद झाली, जवळजवळ चॉकलेटी. देखणी म्हणावी अशी मूठ नाही ती. एका अंगाला फुगलेली, दुसऱ्या अंगाला बसलेली. माझ्या उजव्या हातात धरली तर कुठंच बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आल्यावर हे खुंटांपाशी गेले. मावशी होती, मी होते. मी हळद आणि कापडाची पट्टी जवळ ठेवली होती. यांनी पत्र्यावर चाकू उघडला. खुंट हलू नये म्हणून मी तो धरला. आडवा काप दिला, तो वाकडा गेला. दुसरा खुंट घेतला. त्याच्यात पातं खोल गेलं. मावशीनं माझ्याकडे बघितलं. यांनी चाकू फळीवर ठेवला, डावा हात दोन-तीनदा उघडला, मिटला. मग परत घेतला. पुढच्या खुंटावर काप दोन्ही नीट आले आणि चाकूच्या टोकानं साल अशी उचलली गेली की आत पाणी चमकलं. मावशीनं कोंब सरकवला आणि मी पट्टी बांधली.

"सैल," यांनी मला सांगितलं.

मी सोडून पुन्हा बांधली.

त्या दिवशी थोडेच झाले. हे दमले, घाम आला. पुढे रोज सकाळी आम्ही तिघं बसायला लागलो. हे काप द्यायचे, मावशी कोंब बसवायची, मी बांधायची. पूर्वी हे एकटे जेवढं करायचे तेवढं आमचं तिघांचं होत नव्हतं. बोट एकदाच कापलं आणि तेही माझं, पट्टी कापताना, लेकीनं पाठवलेल्या चाकूनं.

लेक संक्रांतीला आली तेव्हा हे कामातच होते. ती फाटकापाशी थांबली. तिनं यांच्या हातातला चाकू बघितला आणि मला बाजूला घेतलं.

"आई, तू मला खणात ठेवलाय म्हणालीस."

"तेव्हा होता."

"काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर तुला कळवलं असतं."

ती चिडून घरात गेली. तासाभरानं परत आली, कपडे बदलून, आणि माझ्या शेजारी खाली बसली. मी तिला पट्टी बांधायला दाखवलं. तिचंही यांना सैल वाटलं. जाताना तिनं ती मूठ हातात घेऊन बघितली, खिळे मोजल्यासारखे बघितले. चिरेवर बोट ठेवलं. मग यांना म्हणाली, "अप्पा, सावकाश."

तीनेक आठवड्यांनी पट्ट्या सोडून डोळे तपासतात. हिरवा असला तर जगला, काळा पडला तर गेला. पहिल्या दिवसाचे जवळजवळ सगळे काळे होते. नंतरच्यांतले निम्म्याहून जास्त हिरवे निघाले. पूर्वी यांच्या हातचे क्वचितच जायचे, त्यामुळे हे नाराज होते. मावशीला आणि मला बरं वाटलं.

पावसाळ्यात बाभूळ फुगली आणि पातं घट्ट झालं. मी आतली कड थोडी घासून दिली. आता ठीक चालतंय. चीर तेवढीच आहे, वाढलेली नाही.

परवा रोपवाटिकेत एक नवी बाई कामाला आली. तरुण आहे, हात चपळ आहे. फळीवरचा चाकू तिनं काड्या छाटायला उचलला, दोन-तीनदा हातात फिरवला आणि मला विचारलं, "काकू, ह्यो धरायचा कसा?"

हे खाटेवरून म्हणाले, "डाव्या हातानं."

तिनं डाव्या हातात घेऊन बघितला. जमलं नाही. तिनं तो खाली ठेवला आणि आतून कात्री मागून घेतली. मग आम्ही उरलेल्या पिशव्यांना पाणी घातलं.